मलकपेठची घरं आणि आपला धंदा

हैदराबादच्या मलकपेठजवळ मुसी नदीकाठच्या शंकरनगरात ऑक्टोबर 2024 मध्ये घरं पाडायला सुरुवात झाली. लोकांना सरकारी फ्लॅट दिले; पण जवळचं काम, हातगाडीची जागा फ्लॅटसोबत मिळत नाही. आपल्या मेधाताई पाटकर 2025 मध्ये तिथे लोकांना भेटायला गेल्या, तर पोलिसांनी अडवलं.

उद्या आपल्या किनाऱ्यावर प्रकल्प आला तर? 2013 च्या भूसंपादन कायद्यात आधीची तीन वर्षं मुख्यतः पाण्यावर पोट भरणारे मच्छीमार, नावाडीही ‘बाधित कुटुंब’ धरलेत. पण पुरावा लागतो. म्हणून होडीचं रजिस्ट्रेशन, डिझेलच्या पावत्या जपा. बायकांच्या मासेविक्रीचीही नोंद ठेवा. एकट्याच्या अर्जाला कोण विचारतो? आपण सगळ्यांची यादी सोसायटीतूनच देऊ.