रेल्वेचा छोटा डबा : नेमकेपणा किती, वेळ किती?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आमच्या चिखलीला रेल्वे नाही. खामगाव-जालना लोहमार्गाची मागणी शंभर वर्षांहून जुनी आहे, पण रूळ अजून पडलेले नाहीत. गाडी धरायची तर शेगाव, मलकापूर किंवा जालना गाठावे लागते. म्हणूनच की काय, इथल्या मुलांना गाडीचे अप्रूप अधिक. पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेले छोट्या रेल्वेंचे संग्रहालय १९९८ पासून लोकांसाठी खुले आहे. ते पाहून आलेले मूल घरी येताच पुठ्ठा आणि कात्री मागते. मग प्रश्न पडतो : डबा किती हुबेहूब करायचा, आणि त्यासाठी किती रविवार द्यायचे?

आधी मापे पाहू. या छंदात जगभर १:८७ हे प्रमाण सर्वाधिक चालते. आपल्या ओळखीचा आयसीएफ डबा, म्हणजे चेन्नईच्या पेरांबूर कारखान्याचा, सुमारे २१.३ मीटर लांब आणि ३.२५ मीटर रुंद असतो. सत्त्याऐंशीने भागले की तो साडेचोवीस सेंटिमीटर लांब आणि पावणेचार सेंटिमीटर रुंद होतो.

पहिली तडजोड रुळापाशीच करावी लागते. आपल्या ब्रॉडगेजच्या दोन रुळांतले अंतर १६७६ मिलिमीटर. प्रमाणात ते १९.३ मिलिमीटर हवे. बाजारातले तयार रूळ मात्र १६.५ मिलिमीटरचे, कारण ते परदेशातल्या १४३५ मिलिमीटरच्या मार्गावरून बेतलेले. या पावणेतीन मिलिमीटरसाठी रूळ आणि चाके हाताने करत बसलो, तर डबा बाजूलाच राहील. म्हणून तयार रूळच घेतलेले बरे.

मोठ्या कंपन्याही हेच करत आल्या. युरोपातला २६.४ मीटरचा डबा १:८७ प्रमाणात तीस सेंटिमीटरचा व्हायला हवा. पण घरातल्या रुळांची वळणे अरुंद, म्हणून लांबीपुरते १:१०० प्रमाण धरून तो २६.४ सेंटिमीटरचा करून विकला गेला.

मग नेमकेपणा कुठे सोडायचा नाही? चाकांत आणि जोडणीत. दोन चाकांमधले अंतर चुकले की डबा घसरतो. कपलिंग वरखाली झाले की गाडी तुटते. तिसरी गोष्ट खिडक्यांची. डबा दुरून ओळखू येतो तो खिडक्यांच्या रांगेवरून, त्यामुळे त्यांची संख्या आणि अंतर मोजूनच घ्यावे. गझल लिहिणाऱ्याला हे चटकन उमगेल. वृत्त आणि काफिया सांभाळायचाच, बाकी मोकळीक आहे.

मोकळीक कुठे घ्यावी, तेही सांगतो. खिडकीची एक सेंटिमीटर जाडीची कांब प्रमाणात ०.११ मिलिमीटर होते, जवळजवळ केसाएवढी. ती कापत बसू नये. पारदर्शक प्लॅस्टिकवर बारीक पेनने रेघ ओढावी. आत दिवा लावणार नसाल, तर बाके दिसतच नाहीत. डब्याखालच्या बॅटरीच्या पेटीसाठी काळा रंगवलेला लाकडी ठोकळा पुरतो.

आता हिशेब करा. एका डब्याला चार रविवार, तर दहा डब्यांना चाळीस. मध्ये परीक्षा, लग्नसराई, पेरणी. गाडी तिसऱ्या डब्यावर थांबते आणि तोवर मूल मोठे झालेले असते. त्यापेक्षा सगळ्या डब्यांच्या बाजू एका बैठकीत कापाव्या, रंगही एकदमच द्यावा. बारकावे शेवटच्या डब्यावर करावेत. गाडी निघून जाताना नजर त्या मागच्या पिवळ्या फुलीवरच रेंगाळते.

एका बाबतीत मात्र घाई नको. आयसीएफ डब्यांचे उत्पादन २०१८ मध्ये थांबले आणि नव्या एलएचबी डब्यांनी त्यांची जागा घेतली. ज्या डब्यातून आजोबा पहिल्यांदा मुंबईला गेले, तो आठवणीसाठी करायचा असेल, तर त्याचा गेरूसारखा तांबडा रंग, पाटी, पायरी सारे जुन्या फोटोंवरून ताडून पाहावे. त्याला वर्ष लागले तरी चालेल.

म्हणून कात्री हातात घेण्याआधी एवढेच ठरवा : हा डबा मुलासाठी धावायचा आहे, की आठवण म्हणून जपायचा आहे? धावणारा या सुटीत पुरा झाला पाहिजे.