विंचवाचं बिऱ्हाड – भाग ५ : धुरजड की उलाळ

मागच्या आठवड्यात आपण कॅम्परची फरशी उखडली. शारजाच्या दमट उन्हाळ्यांनी प्लायवूडचा पार भुसा करून ठेवला होता. आता नुसती चासी समोर आहे, आणि हात शिवशिवताहेत ते सोलर पॅनल, फ्रिज, दिवे बसवायला. ते सगळं करायचंच आहे, पण आज नाही. आज वजनाचं बोलू. वाळूत रुतलेल्या बहुतेक गाड्यांची कथा घरून सामान भरतानाच लिहून झालेली असते.

ही पॉपअप कॅम्पर नावाची वस्तू मुळात अमेरिकेतल्या कॅम्पग्राउंडसाठी घडलेली. तिथवर डांबरी रस्ता, जागेवर पाण्याचा नळ, विजेचा खांब. म्हणून चाकं बारा-तेरा इंची, पोट जमिनीला टेकलेलं. तिला एक गुण मात्र असा आहे की त्यासाठी बाकीचं माफ करावं: छप्पर मिटलं की ती बुटकी होते. हायवेवर वारा अडवत नाही, आणि टेकाडावरून तिरकं जाताना डोकं जड होऊन कलंडण्याचा धोका उभ्या कारवानपेक्षा कमी.

तर वजन. आपल्याकडे बैलगाडीवाल्यांकडे यासाठी दोन नेमके शब्द होते. पुढे भार जास्त झाला की गाडी धुरजड, मागे जास्त झाला की उलाळ. धुरजड गाडी बैलांच्या मानेवर बसते, उलाळ गाडी जू वर उचलते. फोर-बाय-फोरच्या मागे लावलेल्या ट्रेलरचं गणित तंतोतंत हेच आहे. जोडणीच्या गोळ्यावर एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार यायला हवा. भरलेला कॅम्पर ८५० किलोचा असेल तर ८५ ते १२७ किलो. त्याहून कमी असेल तर ताशी १०० किलोमीटरला ट्रेलर शेपूट हलवायला लागतो, आणि एकदा हलायला लागला की ब्रेक दाबून थांबत नाही, उलट चिडतो. फार जास्त असेल तर ओढणाऱ्या गाडीचं बूड बसतं आणि पुढची चाकं हलकी होऊन स्टिअरिंग ऐकेनासं होतं. मोजायला घरचा वजनकाटा पुरतो. सपाट जागी, ट्रेलर आडवा समतल ठेवून, जोडणीखाली लाकडी ठोकळा आणि त्याखाली काटा. साधा काटा १२०-१५० किलोपर्यंतच जातो, तेव्हा ट्रेलर फारच धुरजड असेल तर काट्याचा बळी जाईल.

पाण्याची टाकी कुठे बसवायची, हा प्रश्न इथेच सुटतो. ८० लिटर पाणी म्हणजे ८० किलो, आणि हे वजन रोज घटत जाणारं. टाकी मागच्या टोकाला लावली तर जाताना गाडी उलाळ; पुढच्या टोकाला लावली तर जाताना धुरजड आणि परतताना हलकी. ती अ‍ॅक्सलच्या जवळ, किंचित पुढे हवी. इंग्रज प्रवासी विल्फ्रेड थेसिजर १९४६ ते १९४८ या काळात बदूंबरोबर दोनदा रुब-अल-खालीचं वाळवंट ओलांडून गेला, तेव्हा पाणी बकऱ्याच्या कातड्याच्या पखालींत असे. उंटावरचा भार दोन्ही बाजूंना तोलूनच बांधावा लागतो. उंटाला धुरजड-उलाळ आपल्या टोयोटापेक्षा लवकर कळतं.

आता उंची. स्प्रिंगचे पाटे अ‍ॅक्सलच्या खाली असतात ते वर घ्यायचे, म्हणजे अ‍ॅक्सलच्या नळीची जाडी आणि पाट्यांचा गठ्ठा मिळून चारेक इंच उंची मिळते. इंडस्ट्रियल एरियातला कुठलाही उस्ताद ‘हो जाएगा भाई’ म्हणेल. पण त्याच्या शेजारी उभे राहा. सोपं पडतं म्हणून अख्खा अ‍ॅक्सलच उलटा फिरवण्याचा मोह होतो. बहुतेक ट्रेलरांचे अ‍ॅक्सल मधोमध किंचित वर वाकवलेले असतात, भार पडला की सरळ व्हावेत म्हणून. उलटा केला की चाकं वरून आत झुकतात आणि टायर आतल्या कडेने खाल्ले जातात. अ‍ॅक्सल आहे तसाच ठेवून त्याच्या वरच्या अंगाला पाट्यांची नवी बैठक वेल्ड करायची. मग जोडणीही तेवढीच उंच करा, नाहीतर ट्रेलर नाक खाली घालून चालेल. आणि हे सगळं मंजुरीशिवाय करू नका. ट्रेलरलाही स्वतःची मुल्किया, म्हणजे नोंदणीपत्र, असते, तो पासिंगला जातो, आणि तपासणाऱ्याला वेल्डिंग दिसतं.

चाकं ओढणाऱ्या गाडीच्याच मापाची, त्याच बोल्टांची घ्या. स्टेपनी एकच पुरते, शिवाय दोन्हींच्या चाकांमधलं अंतर सारखं असेल तर ट्रेलर गाडीने दाबलेल्या चाकोरीतूनच येतो. मी पहिल्यांदा दुबईजवळच्या अल कुद्राच्या पलीकडे वाळूत गेलो तेव्हा गाडीच्या टायरांतली हवा १५ पीएसआयवर आणली आणि ट्रेलरच्या टायरांना विसरलो. गाडी वाळूवर तरंगत होती, मागे नांगरट चालली होती. दोन तास फावडं मारल्यावर कारण कळलं.

तरीही ट्रेलर घेऊन उंच टेकाडं चढू नयेत, असं माझं मत आहे. त्यासाठी लिवाचा तल मोरीब आहे आणि ट्रेलर नसलेले लोक आहेत. आपला रस्ता म्हणजे ‘गच’, इथले लोक घट्ट दाबल्या गेलेल्या कच्च्या वाटेला म्हणतात तो. (फारसीतला गच म्हणजे गिलावा, आपल्या गच्चीतलाही बहुधा तोच.) भ्यायचं ते सबखाला. वर मिठाची कोरडी पापडी, खाली ओला चिखल. पश्चिमेकडचा सबखात मत्ती असो की किनाऱ्यालगतचा एखादा लहान पट्टा, पापडी फुटली की जड ट्रेलर अ‍ॅक्सलपर्यंत जातो.

विजेचंही शेवटी वजनच. जुन्या पद्धतीची १०० अँपिअर-अवरची बॅटरी तीसेक किलोची, तेवढीच लिथियम आयर्न फॉस्फेट बाराएक किलोची. तिच्यात सुमारे १,२८० वॉट-अवर मावतात. छोटा एसी ते काही तासांत पिऊन टाकेल. त्यामुळे एसीचा विचार सोडा, आणि त्याबरोबर मे ते सप्टेंबरचाही. नोव्हेंबर ते मार्च पंखा पुरतो, आणि लहान कॉम्प्रेसर फ्रिज दिवसाला पाचेकशे वॉट-अवर घेतो. २०० वॉटचं पॅनल एवढं सहज भरून काढतं. ते छपरावर मात्र ठोकू नका. छप्पर उचलणाऱ्या दोऱ्यांवर तो भार रोज येतो, शिवाय पॅनल तापलं की २५ अंशांवरच्या दर अंशाला साधारण ०.३ ते ०.४ टक्के वीज कमी देतं. सुटं, पायांवर उभं राहणारं घ्या. मग कॅम्पर गाफच्या सावलीजवळ आणि पॅनल लांब उन्हात ठेवता येतं. गाफ म्हणजे आपली शमी; २००८ पासून अमिरातीचं राष्ट्रीय झाड. त्याच्या फांदीला दोर बांधायचा नाही आणि जळणाला हात लावायचा नाही.

परवा सगळं भरून काटा लावला: जोडणीवर १३१ किलो. धुरजड. पुढच्या पेटीतून दुसरा गॅस सिलिंडर गेला, फोल्डिंगच्या सहा खुर्च्यांच्या चार झाल्या, लोखंडी जॅक मागे सरकला. बिडाचा तवा काढायला गेलो तर बायकोने हातातून घेतला. भाकरी त्यावरच होणार, असं ठरलं. तो आता टाकीशेजारी, अ‍ॅक्सलच्या बरोब्बर वर बांधला आहे.