तिसऱ्या खेपेचा लुबान

सलाला शहर मागे टाकून गाडी डोंगर चढते आणि पलीकडे उतरते, तसं हिरवं काही उरत नाही. आपल्या कोकणात पाऊस आणणारा नैऋत्य मोसमी वारा ओमानच्या धोफार प्रांतालाही धुकं आणि भुरभुर देतो, पण डोंगरमाथ्यापर्यंतच. पलीकडच्या बाजूला नुसती कोरडी हवा आणि चुनखडीचा दगड. धुपाचा डिंक देणाऱ्या लुबानाच्या झाडाला नेमकं हेच मानवतं.

मे महिन्यातली सकाळ होती. पुरुषभर उंचीचं, बुंध्यापासूनच फांद्या फुटलेलं झाड समोर होतं. सालीचे कागदासारखे पापुद्रे वाऱ्यावर फडफडत होते. सोबतच्या म्हाताऱ्यांना सगळे ‘अम्म’, म्हणजे काका, म्हणत. त्यांच्या हातात मन्कफ होतं: आखूड लाकडी मूठ, टोकाला पातं. घाव घालायचं नव्हे, खरवडायचं हत्यार. त्यांनी वरचा पापुद्रा बाजूला केला आणि हलक्या हाताने सालीचा तुकडा तासला. खाली हिरवट-लालसर ओलं दिसलं आणि बघता बघता त्यावर दुधासारखे थेंब डवरले. बोटाला लावून पाहिलं तर चिकट. वास लिंबाच्या सालीसारखा.

“हे घ्यायचं?” मी विचारलं.

“नाही. हे फेकायचं,” ते मोडक्या हिंदीत म्हणाले.

या कामाची सगळी मेख इथे आहे. पहिल्या खरवडीला इथे ‘तौकी’ म्हणतात. तिच्यातून येणारा चीक जमेत धरत नाहीत. साधारण दोन आठवडे थांबून त्याच जागी पुन्हा खरवडायचं. तो मालही बेताचाच. आणखी दोन आठवड्यांनी तिसऱ्यांदा हत्यार लावलं, की खरा लुबान सुरू होतो. एप्रिलपासून तीनेक महिने एकेका झाडाकडे अशा फेऱ्या घालायच्या. अम्म पुढच्या झाडाशी गेले, त्याच्या जुन्या खुणा चाचपल्या आणि हत्यार न लावताच निघाले. “हे थकलंय,” एवढंच म्हणाले. तिसऱ्या झाडावर मागच्या फेरीचे थेंब वाळले होते. ते खाली धरलेल्या टोपलीत टपटप खरवडून काढले.

बाजारात याच खड्यांच्या प्रती लागतात. हिरवट झाक असलेला, स्वच्छ ‘होजारी’ सर्वांत महाग. तो रात्री पाण्यात भिजवून सकाळी ते पाणी पितात. पिवळट, काळपट खडे धुपाटण्यात जातात. इथलं मातीचं धुपाटणं म्हणजे ‘मजमर’. पाहुणा निघताना त्याच्यासमोर ते फिरवतात. कपड्यांना, दाढीला धूर देतात.

दुपारी खोर रोरीला गेलो. खाडीकाठच्या टेकडीवर सुम्हुराम या बंदराचे दगडी तट उभे आहेत. येमेनमधल्या हद्रमौत राज्याने ते वसवलं, तेच लुबानाच्या व्यापारासाठी. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात या किनाऱ्यावरच्या मोस्खा बंदराचं वर्णन येतं आणि बहुतेक अभ्यासक ते हेच मानतात. भडोच आणि दक्षिण भारताकडून आलेली, वाऱ्याचा हंगाम चुकलेली जहाजं तिथे हिवाळा काढत. कापड, गहू आणि तिळाचं तेल देऊन लुबान घेत. उत्खननात तमिळ-ब्राह्मी अक्षरांचं खापरही मिळालं. २००० साली युनेस्कोने हे बंदर, अल-बलीद आणि शिसर ही जुनी ठिकाणं आणि वादी दौकातली लुबानाची झाडं असा सारा ठेवा जागतिक वारसा म्हणून जाहीर केला.

तटावर उभं राहून हिशेब मांडला, तर या बंदराचं भांडवल होतं सकाळी पाहिलेली ती नखभर चीर. रोमच्या देवळांत जळणारा धूपही अशाच कुणाच्या तरी हाताने, थांबत थांबत जमवलेला. बंदर पाचव्या शतकाच्या सुमारास ओसाड झालं. झाडं राहिली, कारण ती खरवडणाऱ्यांना थांबणं ठाऊक होतं. आज मागणी वाढली आहे आणि घाईने, खोलवर खरवडलेली झाडं खंगतात, ही तिथली खरी काळजी आहे.

लुबानाची सख्खी बहीण आपल्याकडेही आहे. सातपुड्यातल्या, मेळघाटातल्या कोरड्या उतारांवरची सालई त्याच कुळातली. तिचाही डिंक धुपात जातो. पुढच्या वेळी त्या जंगलात गेलात, तर पापुद्रे सुटलेल्या त्या झाडापाशी थांबून पाहा, आणि त्याच्यावरचे घाव किती खोल आहेत तेही पाहा.