मृग पाहायचा तो डिसेंबरात



गळीत हंगाम जोरात आहे. तोडीच्या टोळ्या पहाटेच फडात उतरतात आणि जिथे विजेची पाळी रात्रीची आहे तिथे आपल्यापैकी बरेच जण दारे धरायला रानात असतात. म्हणून या खेपेला लागण-खताचे बाजूला ठेवून डोक्यावरच्या आभाळाविषयी चार शब्द.

"मृग निघाला" असे आपण ७-८ जूनला म्हणतो. पण त्या दिवसांत मृगाचे तारे कुणालाच दिसत नाहीत. मृग निघाला म्हणजे सूर्य त्या नक्षत्रात शिरला. मग त्याच्या उजेडात तारे दिसणार कसे? सहा महिन्यांनी सूर्य आभाळाच्या पलीकडच्या बाजूला असतो, तेव्हा हाच मृग रात्रभर दिसतो. मार्गशीर्षाचे नावही त्यावरूनच पडले. पौर्णिमेचा चंद्र मृगशीर्षाजवळ असतो.

साडेसातच्या सुमारास पूर्वेला पाहा. एका रेघेत जवळजवळ उभे तीन तारे, तो बाण. भोवतीचे चार तारे म्हणजे हरणाचे पाय; त्यातला तांबूस तो काक्षी. बाणाची रेघ वर नेली की तांबडी रोहिणी, पुढे कृत्तिकांचा पुंजका. खाली नेली की व्याध, रात्रीच्या आभाळातला सर्वांत तेजस्वी तारा. तो नऊपर्यंत चांगला वर येतो.

जुनी माणसे यावरून वेळ सांगत. महिन्याच्या मध्याला बाण रात्री साडेबाराच्या सुमारास माथ्याजवळ, किंचित दक्षिणेला असतो. पश्चिमेला टेकला की उजाडायला आले. मात्र तो रोज चार मिनिटे लवकर येतो, म्हणजे महिन्यात दोन तास. असे सरकत सरकतच तो जूनमध्ये सूर्याला गाठतो.

सूर्याची ही तारीख ठरलेली असते, पावसाची नसते. मृगाची तारीख धरून कोरड्यात सोयाबीन टोकायचे आणि मग दुबार पेरणी करायची, हे आपल्याकडे अजून चालते. ओल पाहावी, पंचांग नव्हे.

१३-१४ डिसेंबरच्या रात्री मिथुन राशीकडून उल्का पडतात. मध्यरात्रीनंतर दोनच्या सुमारास जास्त. दुर्बीण नको, बांधावर घोंगडे टाकून उताणे पडावे. पण एकट्याने उसाच्या कडेला नको, बिबट्याचा भरवसा नाही. कारखान्याच्या आवारात तर येऊच नका. आमच्या दिव्यांत आणि चिमणीच्या धुरात व्याधसुद्धा फिका पडतो. चांदणे असेल तर बारीक उल्का दिसायच्या नाहीत, मोठ्या तेवढ्या दिसतील.