माजी सैनिकाला अखेरचा निरोप: तिरंगा कधी, शब्द कोणते आणि कागदपत्रांचं काय?

गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सकाळीच फोटो येतो. गणवेशातला, जुना, थोडा पिवळा पडलेला. खाली ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ची रांग लागते. पंचवीस वर्षं सैन्यात काढलेले काका गेलेले असतात. तेवढ्यात कुणीतरी विचारतं, ‘तिरंगा आणायचा ना?’ हेतू चांगला असतो, पण नियम वेगळा आहे.

तिरंगा कोणाच्या पार्थिवावर?

१९७१ च्या राष्ट्रीय सन्मान अवमान प्रतिबंधक कायद्यानुसार शासकीय, सैन्यदलांच्या किंवा निमलष्करी दलांच्या इतमामातील अंत्यसंस्कारातच पार्थिवावर राष्ट्रध्वज ठेवता येतो. एरवी तो पांघरणं हा अवमान ठरतो आणि त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. त्यामुळे घरच्यांनी किंवा मंडळाने परस्पर निर्णय घेऊ नये. आधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला किंवा जवळच्या लष्करी ठाण्याला फोन करा.

मान मिळाला, तर पद्धत काय?

केशरी पट्टा डोक्याच्या बाजूला येतो. ध्वज चितेवर जाळत नाहीत, दफनातही ठेवत नाहीत. त्याआधीच तो काढून घेतात. जवान ‘शोक शस्त्र’ करतात, म्हणजे बंदुकीची नळी जमिनीकडे वळवतात. बिगुलावर ‘लास्ट पोस्ट’ वाजते. ती दिवस संपल्याची खूण असते.

शासकीय इतमामाचा निर्णय सरकारचा असतो. हवाई दलाचे मार्शल अर्जन सिंग यांचं २०१७ मध्ये निधन झालं, तेव्हा अंत्यसंस्काराच्या दिवशी दिल्लीत राष्ट्रध्वज अर्ध्यावर उतरवला होता.

पोस्टमध्ये काय लिहाल?

निवृत्तीनंतर घरी निधन झालेल्या सैनिकाला ‘शहीद’ लिहू नका. सैन्याच्या अधिकृत नोंदींतही हा शब्द वापरला जात नाही. ‘वीरपत्नी’ हा शब्दही कर्तव्यावर प्राण गेलेल्या जवानाच्या पत्नीसाठी राखून ठेवा. हुद्दा आधी, मग नाव आणि शेवटी कंसात ‘निवृत्त’ असं लिहा. रेजिमेंट आणि सेवेची वर्षं घाला. ‘मराठा लाइट इन्फंट्री’ एवढे शब्द वाचूनही त्यांचे जुने सोबती फोन करतील. फोटो टाकण्यापूर्वी घरच्यांना विचारा.

दहाव्यानंतर खरी गरज

गर्दी ओसरते आणि काकूंसमोर कागद उरतात. पेन्शन निधनाच्या दिवसापर्यंतची असते. कुटुंब निवृत्तिवेतन दुसऱ्या दिवसापासून लागू होतं. नंतर खात्यात आलेली पेन्शन काढू नका, ती वसूल होते. मृत्यू प्रमाणपत्र, पीपीओ, डिस्चार्ज बुक, माजी सैनिक ओळखपत्र, पत्नीचं आधार आणि बँक पासबुक एका फाइलमध्ये ठेवा. पेन्शन ‘स्पर्श’ या संगणकीय प्रणालीतून येत असेल, तर मृत्यूची माहिती तिथे ऑनलाइनही देता येते.

बऱ्याचदा घोडं अडतं ते नावावर. पीपीओवर एक नाव, आधारवर दुसरं. कुठे माहेरचं नाव, कुठे स्पेलिंगची चूक. तुमच्या घरात माजी सैनिक हयात असतील, तर ही दोन नावं आजच जुळवून बघा.

आणि शेजारी कुणी सैनिक गेला असेल, तर स्टेटस ठेवाच. पण महिन्याभराने काकूंसोबत सैनिक कल्याण कार्यालयाची एक फेरीही करा. फाइल तुम्ही धरा.