२००३ च्या गेममध्ये अजून रस्ते कोण बांधतंय?

एपिसोड ऐकायला जमलं नसेल तर हरकत नाही, सगळं इथे लिहून काढलंय. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' तेवढे कापलेत, तरी काही राहिले असतील.

आजचा विषय आहे सिमसिटी ४. फोनवर सिमसिटी बिल्डइट खेळणाऱ्यांनी लगेच 'हो हो, माहितीये' म्हणू नका, कारण तो वेगळा गेम. बिल्डइट कंपनीच्या सर्व्हरवर चालतो, आणि त्यात बाहेरून आपण काहीही घालू शकत नाही. सिमसिटी ४ हा पीसीवरचा गेम. मॅक्सिसने बनवला, ईएने जानेवारी २००३ मध्ये विकायला काढला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये रश अवर नावाची पुरवणी आली, पुढे थोडे पॅच आले, आणि कंपनी दुसऱ्या कामाला लागली. मोठं अधिकृत काम तिथेच थांबलं.

तरीही आज या गेममध्ये उड्डाणपूल, वळणदार हायवे, ट्राम, नवे मेनू असं काय काय येतंच आहे. हे सगळं खेळाडूंनी केलेलं आहे. मॉड म्हटलं की आपल्याला वाटतं गाडीला नवा रंग, कॅरेक्टरला नवे कपडे. इथे प्रकार तसा नाही. इथे खेळाडूंनी गेमची गटारं साफ केलीत, वायरिंग बदललीय. मी दिवसभर दुसऱ्यांनी लिहून सोडून दिलेला कोड सांभाळतो, म्हणून मला हे जास्त भिडतं.

आधी गेम काय आहे ते दोन ओळींत. तुम्ही महापौर. मोकळी जमीन मिळते, तिच्यावर राहण्याचे, धंद्याचे, कारखान्यांचे झोन आखायचे, रस्ते, वीज, पाणी द्यायचं. इमारती लोक स्वतः बांधतात. जमीन चौकोनी टाईल्सची, एक टाईल १६ मीटर बाय १६ मीटर. सगळ्यात मोठं शहर २५६ बाय २५६ टाईल्स, म्हणजे साधारण चार किलोमीटरची बाजू. अशी अनेक शहरं जोडून एक रीजन होतो.

आता खेळाडू आत शिरले कसे? कुलूप फोडून नाही. दार मॅक्सिसनेच उघडं ठेवलं होतं. गेममधली प्रत्येक गोष्ट, म्हणजे इमारतीचं चित्र, बसचा वेग, रस्त्याचा नियम, एका डेटा फाईलमध्ये असते आणि तिच्यावर तीन नंबरांचा पत्ता असतो: टाईप, ग्रुप, इन्स्टन्स. गेम सुरू होताना आधी स्वतःच्या फाईली वाचतो, मग डॉक्युमेंट्समधलं 'प्लगइन्स' फोल्डर वाचतो. तिथे त्याच पत्त्याची दुसरी वस्तू सापडली, तर नंतर वाचलेली खरी. वर्गात एकच रोल नंबर दोघांनी सांगितला आणि सरांनी शेवटचा 'प्रेझेंट सर' धरला, तसं. मूळ गेमला हातही न लावता त्याचा कुठलाही नियम बदलता येतो, आणि नको झालं तर फाईल काढून टाकायची.

फाईली नावाच्या क्रमाने वाचल्या जातात. म्हणून सगळ्यात प्रसिद्ध मॉडच्या फोल्डरचं नावच झेड आणि तीन अंडरस्कोरने सुरू होतं, म्हणजे त्याचा नंबर शेवटी लागावा. दिसायला जुगाड आहे, पण काम चोख.

तो मॉड म्हणजे नेटवर्क ॲडऑन मॉड, सगळे त्याला 'नॅम' म्हणतात. २००४ मध्ये वेगवेगळ्या खेळाडूंचे रस्ते-रेल्वेचे मॉड एकत्र करून तो सुरू झाला. त्याने केलेल्या दोन गोष्टी नीट सांगतो, बाकीच्या तुम्ही स्वतः शोधा.

पहिली गोष्ट ट्रॅफिक. मूळ गेममध्ये एक विचित्र अनुभव यायचा. तुम्ही पैसे ओतून मेट्रो बांधली, हायवे बांधला, तरी लोक एका अरुंद रस्त्यावर गर्दी करून अडकून बसायचे. मग 'कामाला जायला फार वेळ लागतो' म्हणून घरं ओस पडायची. खेळाडूंना वाटायचं आपलंच प्लॅनिंग चुकतंय. खरं कारण आतल्या एका आकड्यात होतं.

ज्यांनी अल्गोरिदम शिकलेत त्यांनी ए-स्टार ऐकलं असेल. रस्ता शोधताना हा अल्गोरिदम प्रत्येक ठिकाणी दोन गोष्टी बेरजेला घेतो: इथवर यायला किती वेळ लागला, आणि इथून मुक्कामाला पोचायला अंदाजे किती लागेल. अंदाज खऱ्यापेक्षा कमी असेल तर उत्तर हमखास सर्वांत जलद रस्त्याचं येतं. अंदाज फुगवला तर तो घाई करतो, नाकासमोरचा रस्ता धरतो आणि थोडं उलटं जाऊन मिळणारी मेट्रो बघतच नाही. सिमसिटी ४ मध्ये हा अंदाज फुगवलेला होता. त्यात मूर्खपणा नव्हता, हिशेब होता. हजारो लोकांचे रस्ते २००३ च्या पीसीवर काढायचे तर घाईच परवडते. पण पीसी वेगवान झाले आणि आकडा तिथेच राहिला. खेळाडूंनी तो शोधला, कमी केला, आणि लोक अचानक मेट्रोत बसायला लागले. सोबत रस्त्यांची क्षमताही निवडता येईल अशी सोय केली. एक आकडा, हो! पण तो शोधायला कोणीतरी फाईली उघडून महिनोन्‌महिने प्रयोग करावे लागतात, पगाराशिवाय.

दुसरी गोष्ट रस्ते, आणि ही मला जास्त आवडते. गेममध्ये रस्त्यांचे प्रकार ठरलेले आहेत: साधा रस्ता, ॲव्हेन्यू, हायवे, रेल्वे वगैरे. ही यादी प्रोग्रामच्या आत पक्की आहे, नवा प्रकार घालताच येत नाही. पण मॅक्सिसने एक प्रकार अर्धवट सोडला होता, आतल्या नावाने 'डर्ट रोड', म्हणजे कच्चा रस्ता. मेनूत नव्हता, पण आत होता. बिल्डरने एखादी खोली विटांनी बुजवून सोडावी, तसा. खेळाडूंनी ती भिंत पाडली. त्या कच्च्या रस्त्यावर आधी 'रूरल हायवे' उभा राहिला, मग पसारा इतका वाढला की नाव बदलून 'रियल हायवे' करावं लागलं. आज दोन लेनपासून दहा लेनपर्यंतचे, जमिनीवरचे आणि उंचावरचे हायवे त्यात आहेत.

आता प्रश्न असा, की प्रकार एकच असेल तर इतके हायवे कसे? युक्ती ऐका. तुम्ही एक खास तुकडा ठेवता, समजा सहा लेनचा. त्याच्याशेजारी साधा कच्चा रस्ता ओढता. एका मजकुराच्या फाईलमध्ये नियम असतो: या तुकड्याशेजारी तो तुकडा आला, तर दुसऱ्याचं रूप बदलून हे कर. शेजारची टाईल बदलते. ती बदलली म्हणून तिच्या पुढची बदलते. गावात बातमी पसरावी तसा हायवे टाईल टाईल करत पसरत जातो.

ऐकायला सोपं. पण प्रत्येक जोडीचा नियम कोणीतरी लिहायला हवा. हा हायवे त्या रस्त्याला सरळ छेदतो तेव्हा, तिरका छेदतो तेव्हा, खाली रेल्वे असते तेव्हा. शिवाय प्रत्येक टाईल चार दिशांना फिरते आणि आरशासारखी उलटीही होते. एक नवा प्रकार आला की जुन्या प्रत्येकाशी त्याची गाठ घालावी लागते, म्हणून काम बेरजेने नाही, गुणाकाराने वाढतं. सुरुवातीला माणसं हे हाताने लिहीत होती. पुढे नियम तयार करणारे छोटे प्रोग्राम लिहिले गेले, आणि आता नॅमचं काम गिटहबवर उघड चालतं. एक नियम राहिला तर पुलाच्या मधोमध रस्ता अचानक कच्चा होतो, आणि कोणीतरी फोटोसकट तक्रार करतं. आपल्या ऑफिसात होतं तसंच, फक्त इथे मॅनेजर नाही.

इमारतींचं दुखणं वेगळं. सिमसिटी ४ मध्ये इमारत म्हणजे पूर्ण थ्रीडी वस्तू नाही. आधीच काढून ठेवलेली चित्रं साध्या खोक्यावर चिकटवलेली असतात, चार दिशा गुणिले पाच झूम, म्हणजे वीस चित्रं. म्हणून तर आजही हा गेम डोळ्याला बरा दिसतो. त्याच्या नंतरचे कितीतरी थ्रीडी गेम आता बघवत नाहीत. इमारती बनवायचं टूल मॅक्सिसनेच दिलं, पण ते जीमॅक्स नावाच्या दुसऱ्या फुकट सॉफ्टवेअरवर चालायचं, आणि जीमॅक्स २००५ मध्ये बंद झाला. गेम जिवंत, त्याचं टूल जिवंत, पण टूल ज्यावर उभं तेच गेलं. शेवटी खेळाडूंनी ब्लेंडरसाठी नवं साधन लिहिलं.

आणि काही गोष्टी फाईल बदलून होतच नाहीत, त्या प्रोग्रामच्या आतच असतात. उदाहरणार्थ, स्टेशनसारख्या काही जागांवरून माऊसने रस्त्याचा खास तुकडा नुसता फिरवला की गेम धाडकन बंद. बरीच वर्षं यावर उपाय एकच होता, तिथे माऊस नेऊ नका! मग कळलं की हा गेम प्लगइन्समधून डीएलएल, म्हणजे चालू कोडसुद्धा उचलतो. त्या वाटेने चालू गेमची मेमरी दुरुस्त करून हा बग मारला. मेनूत उपमेनू वगैरे आले ते याच वाटेने. पण अशी दुरुस्ती करायला मेमरीतला नेमका पत्ता लागतो आणि तो आवृत्तीप्रमाणे बदलतो. त्यामुळे असे बरेचसे मॉड आवृत्ती १.१.६४१ वरच चालतात, जी डिजिटल दुकानांत मिळते. कपाटातली जुनी सीडी इथे कामाची नाही.

इथवर सगळं छान वाटत असेल. आता काळजीची गोष्ट.

एक इमारत डाऊनलोड केली की तिला लागतात कुणाची तरी झाडं, कुणाचं पार्किंग, कुणाच्या कमानी. प्रत्येक वेगळ्या माणसाची फाईल. यांना डिपेंडन्सी म्हणतात. इमारतीचं मॉडेलच सापडलं नाही तर शहरात तपकिरी खोकं उभं राहतं. आता बऱ्याच मॉडच्या रीडमीत एक ओळ असते: माझ्या परवानगीशिवाय ही फाईल दुसरीकडे टाकू नये. कारण समजण्यासारखं आहे. महिनाभर राबून केलेली इमारत कोणी आपल्या नावावर खपवू नये, जुनी बिघडलेली आवृत्ती फिरत राहू नये. पण ही ओळ लिहिणारा पंचविशीतला मुलगा आता चाळिशी-पन्नाशीत आहे. कुणी छंद सोडला, कुणाचा ईमेल बंद, कुणी आता या जगातच नाही. परवानगी मागायची कोणाकडे? कॉपीराइट तर माणूस गेल्यावरही दशकं टिकतो. जिथे ती फाईल ठेवलीय ती जागा बंद पडली, तर तिच्यावर अवलंबून असलेल्या शंभर इमारती एकदम तपकिरी खोकी.

अलीकडे एससीफोरपॅक नावाचा पॅकेज मॅनेजर आलाय. पायथनचं पिप किंवा जावास्क्रिप्टचं एनपीएम वापरलं असेल तर तोच प्रकार. नाव सांगितलं की तो सगळ्या डिपेंडन्सी शोधून आणतो. नव्या माणसाचे कित्येक दिवस वाचतात. पण तो फाईली स्वतःकडे साठवत नाही, मूळ जागेवरून आणतो, कारण परवानगीचा तोच प्रश्न. म्हणजे सोय झाली, धोका तसाच राहिला. माझं मत विचाराल तर मूळ लेखक वर्षानुवर्षं सापडत नसेल तेव्हा फाईल जपून ठेवणं हे चोरी नाही, नाव मात्र त्याचंच राहिलं पाहिजे. सगळ्यांना हे पटत नाही, आणि ज्यांनी राबून बनवलंय त्यांचा राग मी चूक म्हणणार नाही. तुम्ही स्वतः मॉड बनवत असाल, कुठल्याही गेमचा, तर रीडमीत आजच लिहून टाका: मी दोन वर्षं उत्तर दिलं नाही तर कोणीही ही फाईल सांभाळावी.

खेळून बघायचंय? डीलक्स एडिशन घ्या, त्यात रश अवर आलाच. सेलमध्ये स्वस्त मिळतो. जुना कोड आहे, एकापेक्षा जास्त कोअर दिले की अडखळतो, म्हणून शॉर्टकटमध्ये 'सीपीयू काउंट १' हा पर्याय घाला. आधी दोन-तीन दिवस मॉडशिवाय खेळा, ते ट्रॅफिक एकदा सोसा. मग नॅम टाका. आणि हो, इन्स्टॉल करताना गाड्या रस्त्याच्या कुठल्या बाजूने चालवायच्या तो पर्याय बघून ठेवा. डावी बाजू निवडा, नाहीतर तुमचं अख्खं शहर राँग साइडने जाईल. चला, भेटू पुढच्या एपिसोडला.