सिकलसेल : ऑक्सिजन सुटल्यानंतरचा एक सेकंद इतका महत्त्वाचा का?

चोपडा, यावल, रावेर असो की धुळे जिल्ह्यातील शिरपूर, साक्री. येथील भिल्ल, पावरा समाजातील अनेक कुटुंबांना सिकलसेल नवा नाही. हातपाय, पाठ अचानक ठणकू लागते, डोळे पिवळे दिसतात, लहान मुलांचे पंजे सुजतात. ‘रक्त कमी आहे’ म्हणून विषय संपवला जातो. खरे तर रक्त किती, एवढाच प्रश्न नाही. ऑक्सिजन सोडल्यावर हिमोग्लोबिन कसे वागते, हा आहे.

फुप्फुसातून निघताना निरोगी हिमोग्लोबिन ऑक्सिजनने जवळपास पूर्ण भरलेले असते. आराम करताना त्यातला साधारण चौथा हिस्साच शरीर वापरते. रेणूवरून ऑक्सिजन सुटायला सेकंदाचा काही शतांश भाग पुरतो. तांबड्या पेशीबाहेर पडायला थोडा जास्त. पण केशवाहिनीतून जाताना मिळणाऱ्या साधारण एका सेकंदात ते काम उरकते.

मग बिघडते कुठे?

सिकलसेलमध्ये हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन असते. फरक एवढाच. ऑक्सिजन सुटला की असे रेणू एकमेकांना चिकटून लांब दोरे बनतात, पेशी विळ्यासारखी वाकते आणि बारीक वाहिनी तुंबते.

मात्र दोरे लगेच बनत नाहीत. मध्ये थोडा विलंब असतो, त्यामुळे बहुतेक पेशी वाकण्याआधीच निसटून फुप्फुसाकडे परततात. अमेरिकेतील विल्यम ईटन व जेम्स हॉफ्रिक्टर यांनी १९७०च्या दशकात हा विलंब अभ्यासला. हिमोग्लोबिन किंचित दाट झाले तरी तो झपाट्याने घटतो. शरीरातले पाणी कमी झाले की नेमके तेच होते. मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे जाणाऱ्या खान्देशात केळीच्या बागेत राबणाऱ्या रुग्णाला ‘पाणी पीत राहा’ असे सांगणे, हा म्हणूनच वरवरचा सल्ला नाही. ताप, जुलाब, कडाक्याची थंडी यांतही तेवढीच काळजी हवी.

हायड्रॉक्सीयुरिया हे औषध बाळाच्या जन्माआधीचे हिमोग्लोबिन वाढवते. ते दोऱ्यांत सामील होत नाही, त्यामुळे विलंब लांबतो. ऑक्सिजन सहज सुटू न देणारे व्हॉक्सेलोटर मात्र फायझरने सप्टेंबर २०२४ मध्ये जगभरातून मागे घेतले.

तपासणी कोणी करावी?

राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ रोजी सुरू झाले; ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांच्या तपासणीचे त्याचे उद्दिष्ट आहे. वाहकाला सहसा त्रास नसतो, त्यामुळे तो तपासणीला येत नाही. आईवडील दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. त्यामुळे लग्नाआधी किंवा गरोदरपणाच्या सुरुवातीलाच दोघांचीही तपासणी करून घ्यावी.